प्रश्न कोणाचा आणि सही कोणाची?

‘आता फॉर्म्युले शिकण्याचे दिवस संपले. काय हवे ते आपल्या भाषेत सांगा, बाकीचे एआय पाहून घेईल.’ हे वाक्य हल्ली आमच्या बमरोलीत डाइंग मिलच्या हिशेबखात्यापासून गृहनिर्माण सोसायटीच्या कार्यालयापर्यंत सर्वत्र कानी पडते. सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद असतो, आणि तो आम्हांस समजतो. तथापि या वाक्याचा उत्तरार्ध आम्हांस मान्य नाही. बाकीचे कोणीही पाहून घेत नसते. ते ज्याचे त्यालाच पाहावे लागते, आणि ज्याच्या सहीने कागद बाहेर पडतो त्याला तर पाहिल्यावाचून गत्यंतरच नाही. हीच गोष्ट आज विसरली जात आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

आमच्या त्रैमासिकाच्या वाचकांचा संबंध कथा-कवितांशी अधिक, तेव्हा विषयाची थोडी ओळख करून देणे योग्य होईल. कोणत्याही कचेरीतील माहिती आता रजिस्टरांऐवजी संगणकातील तक्त्यांत असते. त्या तक्त्यांना विचारलेल्या प्रश्नास ‘क्वेरी’ म्हणतात. ‘ज्यांचे वय पासष्टाच्या आत आहे आणि ज्यांच्या कुटुंबाचे उत्पन्न अमुक मर्यादेखाली आहे, त्यांची नावे काढ’ ही एक क्वेरी झाली. एक्सेलच्या चौकटीत बेरीज, सरासरी वा शोध यांसाठी लिहितात तो ‘फॉर्म्युला’. एडगर कॉड यांनी १९७० साली अशा तक्त्यांची तात्त्विक मांडणी केली आणि १९७४ साली डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी प्रश्न विचारण्यासाठी एक भाषा रचली. तीच पुढे ‘एसक्यूएल’ या नावाने जगभर रूढ झाली. संगणकतज्ज्ञ नसलेल्या माणसालाही प्रश्न विचारता यावा, हा तिच्यामागचा एक हेतू होता. म्हणजे आज एआयच्या नावाने जे स्वप्न विकले जात आहे ते पन्नास वर्षांचे जुने आहे.

नव्या यंत्राच्या बाजूने जे बोलण्यासारखे आहे ते आधी बोलून टाकू. राज्य शासनाच्या सेवेत हयात घालवलेल्या माणसास हे ठाऊक असते की, ज्याला यादी काढता येते त्याच्या हाती कचेरीची किल्ली असते. पूर्वी ती किल्ली जुन्या कारकुनाकडे होती, मग ती संगणकचालकाकडे आली आणि त्यानंतर ठेकेदार कंपनीच्या मुलाकडे गेली. ‘साहेब, सिस्टीममध्ये तसे निघत नाही’ एवढे तो म्हणाला की मोठमोठे अधिकारी गप्प बसत. ही मक्तेदारी आता मोडत आहे. तालुक्याच्या गावचा एखादा शिक्षक किंवा वार्ताहर शासनाने प्रसिद्ध केलेले आकडे उतरवून घेऊन स्वतः प्रश्न विचारू शकतो. कोठे अर्धविराम चुकला, कोठे कंस राहिला, या कटकटीतून एआयने त्याची सुटका केली आहे. यात लोकशाहीचे काही नुकसान आहे असे आम्ही म्हणणार नाही.

मात्र क्वेरी लिहिण्यातील अवघड भाग कंस आणि अर्धविराम हा कधीच नव्हता. अवघड होते ते आपल्याला नेमके काय विचारायचे आहे हे ठरवणे. कंस यंत्राने उचलले, ठरवण्याचे काम जागच्या जागी राहिले. पूर्वी ते डोळ्यांपुढे असे, कारण लिहिता लिहिता माणूस अडत असे आणि अडला की विचारत असे. आता तो अडत नाही. त्याच्या अर्धवट प्रश्नातील मोकळ्या जागा यंत्र आपल्या अंदाजाने भरते आणि एक नीटनेटके उत्तर पुढे ठेवते.

उदाहरण आपल्या मायबोलीतलेच घेऊ. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना सुरू केली. पात्र महिलांना दरमहा १,५०० रुपये देणारी ही योजना आमच्या खानदेशातील आप्तांच्या घरोघरी पोहोचली आहे. तिच्या पात्रतेत विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता ‘आणि’ निराधार महिला येतात. मराठी वाचणाऱ्यास यात काही अडचण नाही, ह्यांपैकी कोणतीही एक असली तरी पुरे. परंतु हाच ‘आणि’ जसाच्या तसा क्वेरीत ‘अँड’ म्हणून घातला, तर विवाहित असून विधवाही आणि घटस्फोटितही असलेली बाई शोधली जाईल व यादी कोरी येईल. तेथे ‘ऑर’ हवा. आजची यंत्रे एवढी ढोबळ चूक सहसा करत नाहीत हे खरे. पण ‘अनुसूचित जातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांची यादी काढा’ असे सांगितले तर? दोन्ही अटी पूर्ण करणारी कुटुंबे हवीत, की दोन निरनिराळे गट एकत्र हवेत? मराठीत दोन्ही अर्थ निघतात. समंजस कारकून तेथे थांबून ‘साहेब, दोन्ही की एकेक?’ असे विचारतो. यंत्र पुष्कळदा विचारत नाही. ते एक अर्थ उचलते, आणि हजारो घरांचे भवितव्य त्या निवडीवर ठरते.

‘कुटुंब’ हा शब्द तर याहून मासलेवाईक आहे. २०१७ साली महाराष्ट्रात ३४,०२२ कोटींची शेतकरी कर्जमाफी जाहीर झाली. तीत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अठरा वर्षांखालील मुले. लाडकी बहीण योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुले. घरातला पंचवीस वर्षांचा अविवाहित मुलगा पहिल्या व्याख्येत घराबाहेर आणि दुसऱ्या व्याख्येत घरात! जनगणनेला यांतले काहीच चालत नाही. तिच्या लेखी एकत्र राहून एका चुलीवर जेवणारे ते कुटुंब, मग त्यांचे नाते असो वा नसो. आमच्या बमरोली-पांडेसऱ्यात एका खोलीत राहून एकत्र स्वयंपाक करणारे लूम कामगार त्या हिशेबाने एका कुटुंबात मोडू शकतात, आणि त्यांची खरी कुटुंबे धुळे, जळगाव वा ओडिशातील गंजम येथे दुसऱ्याच चुलीवर असतात. आता कोणी ‘प्रत्येक कुटुंबाचे सरासरी उत्पन्न काढून दे’ असे यंत्रास सांगितले, तर त्याने कोणते कुटुंब घ्यावे? ते तक्त्यात ‘कुटुंब क्रमांक’ नावाचा रकाना पाहील आणि त्यावरून भागाकार करील. भागाकारात चूक नसेल, आणि तरीही उत्तर भलत्याच प्रश्नाचे असेल.

मराठीस ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि आपण सर्वांनी पेढे वाटले. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्याचाही गौरव आपण प्रत्येक मराठी दिनी करतो. तो कोश कशासाठी होता? कारभारातला शब्द आपला आणि नेमका असावा म्हणून. आज आपले शासन निर्णय, परिपत्रके आणि सोसायट्यांचे ठराव ज्या ढिल्या मराठीत लिहिले जातात, ती मराठी माणूस संदर्भाने सावरून घेत होता. ‘मार्चअखेरपर्यंत’ यात ३१ मार्च धरायचा की नाही, ‘गेले वर्ष’ म्हणजे जानेवारी ते डिसेंबर की एप्रिल ते मार्च, हे कचेरीत सर्वांना ठाऊक असे. यंत्रास ते सांगावे लागते. ज्यांना सांगता येत नाही त्यांना यंत्राने तारले असे म्हणणे म्हणजे ज्यास पत्ता ठाऊक नाही त्यास वेगवान घोडा देण्यासारखे आहे.

पुढची गोष्ट रिकाम्या रकान्याची. गावोगावच्या नोंदींत किती रकाने रिकामे असतात हे आम्ही नव्याने सांगावयास नको. एसक्यूएलमध्ये रिकाम्या नोंदीस ‘नल’ म्हणतात आणि तिचा स्वभाव विलक्षण आहे. ‘जे मृत नाहीत त्यांची नावे दे’ अशी क्वेरी साध्या पद्धतीने लिहिली, तर ज्यांच्या ‘स्थिती’ रकान्यात काहीच लिहिलेले नाही त्यांची नावे येत नाहीत. ‘जे मृत आहेत त्यांची नावे दे’ म्हटले तरी ती येत नाहीत. असा माणूस ना जिवंतांत, ना मेलेल्यांत. त्याहून पुढची मौज अशी की, ‘या यादीत जे नाहीत ते दे’ अशा एका प्रचलित रचनेत त्या यादीत एक जरी रिकामी नोंद असली, तरी संपूर्ण उत्तर कोरे येते. संगणक कोठेही कुरकुरत नाही, तांबडी खूण उमटत नाही. हे जाणणारा मनुष्य क्वेरी वाचताच ‘रिकाम्यांचे काय केलेत?’ असे विचारील. न जाणणारा यादी छापून मोकळा होईल. आणि रिकामे रकाने कोणाचे असतात? ज्यांना अर्ज भरता आला नाही, ज्यांचा दाखला हरवला, जे काम शोधत दोनदा गाव बदलून आले, त्यांचे. चूक सर्वांच्या वाट्यास सारखी येत नाही, ती गरिबाच्या वाट्यास अधिक येते.

आमच्या भागाची आणखी एक अडचण आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये एका राज्याचे रेशनकार्ड दुसऱ्या राज्यात चालवण्याचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा पहिल्या जोड्यांत महाराष्ट्र-गुजरात ही जोडी होती. खानदेशातून सुरतेस आलेल्या कष्टकऱ्यास तिचा आधार आहे. आता दोन राज्यांच्या याद्या ताडून पाहावयाच्या झाल्यास काय होते पाहा. महाराष्ट्राच्या कागदावर ‘सुनंदा’ असलेली बाई गुजरातच्या कागदावर ‘सुनंदाबेन’ होते, तिचा नवरा ‘भाई’ होतो, आणि आडनाव शेवटून उठून पहिल्या जागी जाऊन बसते. मराठी, गुजराती आणि इंग्रजी अशा तीन लिप्यांतून प्रवास करता करता ऱ्हस्व-दीर्घाचे काय होते ते वेगळेच. ‘दोन्ही याद्यांतील सारखी नावे जुळव’ असे यंत्रास सांगितले की ते एकतर काटेकोर जुळणी करील आणि तीच बाई दोन बाया ठरेल, किंवा सैल जुळणी करील आणि दोन बाया एक ठरतील. पहिल्या प्रकारात ती अपात्र ठरण्याचा संभव, दुसऱ्यात ‘दुबार लाभार्थी’ म्हणून गुन्हेगार ठरण्याचा. जुळणी किती सैल ठेवावी हा तांत्रिक प्रश्न नाही. कोणावर अन्याय होण्याचा धोका पत्करावयाचा, हा तो प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर देण्याचा अधिकार यंत्रास कोणी दिला?

खासगी व्यवहारातही हेच. आमच्या आजूबाजूस लूमवर मजुरी मीटरवर ठरते. कापडाच्या प्रतीप्रमाणे दर निराळा. दरांचा एक तक्ता, कामाचा दुसरा, आणि पहिल्यातून दर शोधून दुसऱ्यात आणण्यासाठी एक्सेलमध्ये ‘व्हीलुकअप’ नावाचा फॉर्म्युला असतो. त्याचा शेवटचा, ऐच्छिक भाग लिहावयाचा राहिला तर तो नेमकी जुळणी न शोधता जवळपासची जुळणी धरतो, आणि दरांचा तक्ता क्रमवार नसेल तर भलत्याच प्रतीचा दर उचलून आणतो. चौकटीत आकडा दिसतो, आकडा दिसला की हिशेब झाला असे मुनीमजीस वाटते. एआयने दिलेला फॉर्म्युला बहुधा बरोबरच असेल. पण ‘बहुधा’ या शब्दावर कामगाराचा पगार कसा काढावा? फॉर्म्युला वाचता येणारा मुनीम शेवटचा भाग एका नजरेत तपासतो. न येणारा त्या कामगारास एवढेच सांगू शकतो की, ‘कॉम्प्युटरने काढले आहे’. आम्हांस या वाक्याची भीती वाटते.

यंत्राची बाजू घेणारे म्हणतील, हे सारे तात्पुरते आहे, यंत्रे दिवसेंदिवस सुधारत आहेत. सुधारत आहेत यात शंका नाही. परंतु कोठे सुधारत आहेत? २०२४ साली संशोधकांनी ‘स्पायडर २.०’ नावाची कसोटी तयार केली. जुन्या कसोटीतील आटोपशीर, स्वच्छ तक्त्यांवर शंभरपैकी ९१.२ प्रश्न सोडवणारी पद्धत, मोठ्या उद्योगांच्या खऱ्याखुऱ्या, शेकडो-हजारो रकान्यांच्या साठ्यांवर अवघे २१.३ प्रश्न सोडवू शकली. यंत्र तेच, फरक घरगुती पंगत आणि लग्नाचा मांडव यांतला. यथावकाश हाही आकडा वाढेल, यापुढेही वाढत जाईल. पण आमच्या तालुका कचेरीतील तक्ते त्या नव्या कसोटीहूनही गबाळे आहेत हे विसरू नये. दुसरा दाखला खुद्द मायक्रोसॉफ्टचा. या कंपनीने २०२५ च्या ऑगस्टमध्ये एक्सेलच्या चौकटीतच एआय बसवणारा ‘कोपायलट’ हा फॉर्म्युला आणला, आणि त्याच वेळी बजावले की, जेथे अचूकपणा हवा किंवा तेच उत्तर पुन्हा मिळावयास हवे, तेथे हा वापरू नका. करणाराच सांगतो की हिशेबास वापरू नका, आणि आमचे उत्साही मित्र त्यावर हिशेब करू पाहतात.

दुसरा आक्षेप अधिक सबळ आहे. ‘माणसे काय चुकत नव्हती?’ चुकत होती, आणि भयंकर चुकत होती. हार्वर्डच्या दोन नामवंत अर्थशास्त्रज्ञांचा २०१० सालचा निबंध राष्ट्रांच्या कर्जाविषयी जगभर उद्धृत होत होता. २०१३ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील एका विद्यार्थ्याने त्यांचा तक्ता उघडला, तेव्हा इतर दोषांबरोबर असेही आढळले की सरासरीच्या फॉर्म्युल्यात पाच देशांच्या ओळी सुटल्या होत्या. २०२० च्या शरदात इंग्लंडमध्ये कोरोनाच्या १५,८४१ रुग्णांची नोंद वेळेवर पुढे गेली नाही, कारण जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलीत ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नसते. हे सारे माणसांनीच केले. पण या कथांचा बोध काय? पहिली चूक सापडली ती फॉर्म्युला उघडा होता आणि तो वाचू शकणारा एक विद्यार्थी होता म्हणून. वाचणाऱ्यांची जातच नाहीशी झाली तर पुढची चूक कोण शोधणार? पुन्हा यंत्रच? मग चोराच्या घरची झडती चोरानेच घ्यावी.

ऑस्ट्रेलियातील प्रकरण तर प्रत्येक शासकीय प्रशिक्षण संस्थेत शिकवले पाहिजे. तेथील सरकारने बेकारभत्ता घेणाऱ्यांचे वार्षिक उत्पन्न घेतले, त्यास २६ ने भागून पंधरवड्याची सरासरी काढली, आणि ज्यांनी स्वतः कळवलेला आकडा त्याहून कमी होता त्यांना सरकारचे देणेकरी ठरवून वसुलीच्या नोटिसा धाडल्या. भागाकार अगदी बरोबर होता. पण काही महिने काम आणि काही महिने बेकारी, हेच ज्यांचे जीवन त्यांची पंधरवड्याची सरासरी काढणे मुळातच चूक होते. २०१९ साली सरकारला न्यायालयात माघार घ्यावी लागली आणि २०२३ साली चौकशी आयोगाने या योजनेची लक्तरे वेशीवर टांगली. सुरतेच्या लूम कामगारास हे लगेच कळेल. दिवाळीस आणि लग्नसराईत तो गावी जातो, तेव्हा त्याची मजुरी शून्य असते. त्याच्या बारा महिन्यांची सरासरी काढणारा फॉर्म्युला एआय क्षणात लिहून देईल, आणि तो फॉर्म्युला व्याकरणदृष्ट्या निर्दोषच असेल.

आपल्याकडेही धडे कमी नाहीत. तेलंगणात प्रत्यक्ष पडताळणी न करता संगणकीय निकषांवर शिधापत्रिका रद्द झाल्या. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयास अशा सुमारे १९ लाख शिधापत्रिकांची फेरपडताळणी करावयास सांगावे लागले. लाडकी बहीण योजनेत २०२५ च्या जुलैत २६ लाखांहून अधिक लाभार्थी अपात्र असल्याचे आणि १४,२९८ पुरुषांनी लाभ घेतल्याचे समोर आले. ‘पुरुषांनी बहीण बनून पैसे खाल्ले’ अशी थट्टा झाली. आम्ही कोणाचे समर्थन करत नाही. पण ज्या बाईचे बँकेत खाते नाही तिने नवऱ्याचे खाते दिले असेल, तर तक्त्यात तीही पुरुषच दिसणार. लबाड कोण आणि अडलेली कोण हे क्वेरी सांगत नाही. क्वेरी फक्त संशयितांची यादी देते. निर्णय दारात जाऊन करावा लागतो.

आता आमचे मुख्य म्हणणे. ज्या क्वेरीने माणसाचे नाव यादीत येते किंवा यादीतून जाते, ती क्वेरी म्हणजे शासकीय आदेश आहे, मग ती कारकुनाने लिहिलेली असो वा यंत्राने. आदेशाचे काही नियम या देशात दीर्घकाळ चालत आले आहेत. आदेशामागे कारण असते, टिपणी असते, सही असते, आणि ज्याच्या विरुद्ध तो जातो त्यास म्हणणे मांडण्याची संधी असते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ४ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की, प्रशासकीय निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना कळवावीत. ज्या निर्णयाचे कारण क्वेरी हेच आहे, त्याची क्वेरी दडवून कारण कळवल्याचे समाधान कसे मिळणार? आणि ज्या अधिकाऱ्यास स्वतःच्या यादीची क्वेरी वाचून तिचा अर्थ सांगता येत नाही, तो कोऱ्या कागदावर सही करत आहे, यापेक्षा सौम्य शब्द आम्हांस सुचत नाही. मसुदा कोणीही लिहावा, मसुदा लिहिणाऱ्यास आमची हरकत नाही. हरकत आहे ती न वाचता केलेल्या सहीस.

म्हणून आमच्या मागण्या थोड्या आणि साध्या आहेत. पहिली, लाभार्थ्यांची वा अपात्रांची कोणतीही यादी प्रसिद्ध होईल, तिच्यासोबत ती कोणत्या अटींवर काढली हे साध्या मराठीत किंवा गुजरातीत छापावे, आणि रिकाम्या व दुबार नोंदींचे काय केले तेही लिहावे. दुसरी, मूळ क्वेरी फाइलीस जोडावी, तिच्यावर वाचणाऱ्याची सही असावी, आणि ती यंत्राकडून लिहून घेतली असल्यास तशी नोंद असावी. तिसरी, यादी बाहेर पडण्यापूर्वी ज्यांची परिस्थिती प्रत्यक्ष ठाऊक आहे अशा दहा-वीस माणसांवर ती चालवून पाहावी. विधवा, स्थलांतरित, दोन खाती असलेला, दाखला हरवलेला, असे अडचणीचे नमुने मुद्दाम निवडावेत. जुन्या लोकांना ही नमुना तपासणी नवी नाही. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, केवळ क्वेरीच्या आधारे कोणाचेही नाव कापू नये. नाव घालण्यास यंत्र पुरे, कापण्यास माणूस हवा.

आणखी एक सूचना, जी सोसायट्यांच्या चिटणीसांसही लागू आहे. क्वेरी लिहून घेण्यासाठी यंत्रास लोकांची यादी द्यावी लागत नाही. रकान्यांची नावे आणि दोन-तीन खोट्या ओळी दिल्या तरी काम भागते. तरीही सभासदांचे आधार क्रमांक आणि मोबाइल क्रमांक यांसकट सबंध फाइल परदेशी कंपनीच्या यंत्रात ओतणारे महाभाग आहेत. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २०२५ च्या जानेवारीत आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकांवर अशी साधने टाळण्यास सांगितले, ते याच भयाने. शेजाऱ्याची कुंडली चव्हाट्यावर मांडून त्याचा हिशेब करणे यास कार्यक्षमता म्हणत नाहीत.

कोणी विचारील, या साऱ्याशी एका साहित्य मंडळाचा संबंध काय? आमच्या मते पुष्कळ आहे. आजवर क्वेरी हा संगणकाच्या लोकांचा विषय होता, कारण ती त्यांच्या भाषेत लिहावी लागे. आता ती आपल्या भाषेत सांगता येते, म्हणजे ती आपला विषय झाली. वाक्यात किती अर्थ दडले आहेत, ‘आणि’ने काय जोडले, ‘पर्यंत’ने काय सोडले, न लिहिलेल्या जागेत काय आहे, हे पाहण्याची सवय साहित्याच्या वाचकास असते. ती सवय कवितेपुरती राखून ठेवण्याचे कारण नाही. २०२७ ची जनगणना येत आहे. ती मोबाइलवर नोंदवली जाणार आहे आणि तिच्यात जातीचीही नोंद होणार आहे. त्या साठ्यास पुढील कित्येक वर्षे लक्षावधी प्रश्न विचारले जातील, त्यांतले बरेच एआयकडून लिहून घेतलेले असतील. सुरतेतील मराठी माणूस किती, त्याच्या मुलांस मराठी शाळा किती हव्यात, याचे उत्तरही अशाच एखाद्या प्रश्नातून निघेल. तो प्रश्न कोणी विचारला, कोणत्या शब्दांत विचारला आणि त्यावर सही कोणाची, हे विचारण्याचा हक्क आपण आजच बजावला पाहिजे. यादी छापून झाल्यावर केलेल्या तक्रारीस कचेरीत काय किंमत असते, ते आम्ही टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिले आहे.